बिनभोकाचे मणी

(भट्टीचं झाकण नुकतंच उघडलंय. बाबा हातातली बॅग घेऊन दारात उभे.)

लेक : अगं आई, इकडे ये! आधी ये म्हणते ना!

आई : काय झालं? तडकले?

लेक : निम्म्यांचा चुरा झालाय! आणि उरलेले... हा बघ. हाही. भोकच नाही गं! तीनशे मणी, एकालाही भोक नाही!

आई : अगं बाई! भट्टीत भरले कुणी?

लेक : मीच, काल. फडकं काढलं आणि वाडगंच्या वाडगं ओतलं.

आई : वाळू नयेत म्हणून ओलं फडकं टाकलं होतं मी! ओल्या मण्यांना हात कशाला लावलास?

लेक : म्हणजे चूक माझी? चाळीस वर्षं मणी वळतेस आणि भोकं पाडायला विसरलीस? आज वार कोणता, सांग.

आई : मंगळवार. डोकं ठिकाणावर आहे माझं. ह्यांची वाट बघत होते.

लेक : बाबांचा काय संबंध?

बाबा : सांगून टाक आता.

आई : तुम्ही गप्प बसा हो. बहिणीकडे चार दिवसांचे सहा केलेत, आणि आल्या आल्या...

बाबा : भोकं मी पाडतो गं, रात्री तू झोपलीस की. वर्ष झालं.

लेक : तुम्ही? मातीचा हात लागला तर अंघोळ करता तुम्ही!

बाबा : करतो अजून. पण हिचा हात थरथरतो. मणी छान वळते, सुई धरली की भोक तिरकं जातं.

लेक : वर्षभर? मी रोज समोर बसून रंग देते!

आई : तू मण्यांकडे बघतेस.

लेक : मला सांगायचं नाही? मी काय परकी आहे?

आई : तू म्हणाली असतीस, आई, पुरे झालं, आता आराम कर. मग सकाळी उठून मी करू काय? भिंतीकडे बघत बसू?

लेक : मी असं म्हणाले असते?

बाबा : आत्ताच वार विचारलास तिला.

लेक : बाबा...

आई : जाऊ दे. दुकानवाल्या बाई मणी न्यायला शुक्रवारी येणार. माती आहे, पुन्हा वळते. मला इथून उठवणार नाहीस ना?

लेक : हात दे इकडे. दे ना, आई. वर्षभर बघितलाच नाही मी.