उघड्यावरच्या कवड्या

(वालूरच्या शिवारातलं रान. भर दुपार. बिरू मेंढी कातरतो आहे, त्याची थोरली बहीण कोंडाबाई मेंढीचे पाय धरून बसली आहे. रानमालकाचा मुलगा बन्सीधर बांधावर उभा.)

बन्सीधर : पण किशन्या वाचला की! मेला तेव्हा तू दुसऱ्या दिवशी परत आलास, आणि वाचला तर चार दिवस फिरकला नाहीस. हे कसलं उलटं डोकं?

बिरू : मारलंस त्याचा राग न्हाई मला. वाचवलंस त्याचा हाय. अक्का, पाय आवळून धर, लाथ घालायलीय ही.

कोंडाबाई : कोण मेलं, कोण वाचलं? मी इथं घामानं भिजायले, अन् तुमी मयताच्या गोष्टी करायलाव.

बन्सीधर : खेळ आहे, अक्का. आमच्या हॉस्टेलात एकाकडं त्याचं पुस्तक होतं. विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून दंगल पेटली, कॉलेज बंद पडलं, आम्हाला घरी धाडलं, तेव्हा मी ते घेऊन आलो. एकजण गोष्ट सांगतो. तो मी. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. भुयार, राक्षस, खजिना, असलं. पुढं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. काम अवघड असलं की सात कवड्या टाकायच्या. चार किंवा जास्त उताण्या पडल्या तर जमलं, नाही तर फसलं.

कोंडाबाई : अन् आमचा हा किशन्या झाला व्हता?

बिरू : किशनराव! राव लावून नाव दिलं व्हतं मी, हातात भाला दिला व्हता. एका नावापायी तुमची कालिजं बंद पडली, बन्सी, अन् तू माज्या गड्याचं नाव बसल्या बसल्या अर्धं करायलास.

बन्सीधर : बरं बाबा, किशनराव. झालं?

बिरू : न्हाई झालं. अक्का, ऐक. पहिल्या दिवशी किशनरावानं दार उघडलं. वरून दगड पडला. खल्लास. बिडी इझायच्या आत खेळ संपला. ह्याचा दोस्त पंडित्या आदीच चार डाव खेळलेला, त्याला ठावं व्हतं, तो बाजूला सरला. मला कोण सांगणार?

बन्सीधर : पुस्तकाच्या नियमानं नवा गडी कच्चाच असतो, एका दगडात जातो. मलाच वाईट वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी डाव पहिल्यापासून मांडला आणि त्याच दगडाखाली जरा सांभाळून घेतलं.

बिरू : सांभाळून! पुस्तक उभं केलंस अन् त्याच्या आड कवड्या टाकल्यास. मी पाणी प्यायला उठलो, मागून पाह्यलं. दोन उताण्या. अन् तू वरडलास, पाच! पंडित्या हसला. म्हणला, मेंढक्याचं पोर हाय, घे चालवून.

बन्सीधर : पंडितचं काय मनावर घेतोस?

बिरू : पंडित्याचं घेतलं न्हाई, तुजं घेतलं. आमची मेंढरं तुमच्या रानात बसत्यात, लेंड्या-मुतानं तुमचं रान पिकतंय. त्याची जवारी तुजा बाप देतो, तर अशी देतो की भीकच घालायलाय. तितं मी तोंड मिटून घेतो. पोट हाय. खेळात पण तेच? दगड टाकताना मला इचारलं न्हाईस, उचलताना पण न्हाई. दोन्ही बारीला किशनराव तुज्याच मुठीत. मग मी कशाला बसू तितं? एवढं काम तर मेंढरू पण करतंय.

बन्सीधर : ...मग मी करू तरी काय? दगड काढून टाकला तर कसला खेळ? भातुकली झाली ती. आणि ठेवला तर नवा माणूस मरतो.

कोंडाबाई : छोटे मालक, लांडगा बघितलाय कदी?

बन्सीधर : लांबून.

कोंडाबाई : मी नव्यानं मेंढरामागं गेले तवा आज्यानं लांडगं काही बांधून ठेवलं नव्हतं माज्यासाठी. एवढंच बोलला, मेंढरं चरायची थांबून एका अंगाला बघायली की तू बी तिकडं बघ. टिटवी वरडली की ऊठ. पुढं तुजं तू. पहिल्या सालात दोन मेंढरं नेली माजी. पण मी बघितलं न्हाई म्हणून नेली. तुमच्या त्या दारापाशी काय दिसत व्हतं? माती सांडलेली? चिरा सरकलेला?

बन्सीधर : काही नाही. नुसतं दार.

कोंडाबाई : मग तो धोका न्हाई. दगा हाय.

बिरू : सांग त्याला, अक्का.

कोंडाबाई : तू गप, कातर चालव. मालक, कवड्या हायेत का खिशात? मांडा मग. मी खेळते. मी बी नवीच की.

बन्सीधर : तू? बरं... नाव काय घेतेस?

कोंडाबाई : कोंडाबाई. चांगलं नाव हाय, कशाला बदलू?

बन्सीधर : एक पडकी गढी आहे. तिच्यात भुयार. भुयाराच्या आत पाण्याचा झरा, आणि गावाच्या विहिरी आटल्यात. तोंडाशी चिंचेचं झाड. भर दिवसा वटवाघळं भुयार सोडून चिंचेला लटकलीत.

कोंडाबाई : हां! आत कुणी तरी शिरलंय.

बन्सीधर : आतून कुजका वास येतोय. पायरीवर हाडं, ताजी. मागं फिरता येतं, अक्का.

कोंडाबाई : मागं फिरून गाव काय पिणार? डाव्या हाताला घोंगडी गुंडाळते, उजव्यात काठी. चला.

बन्सीधर : तिसऱ्या पायरीवर ते अंगावर येतं. टाक कवड्या.

बिरू : ह्या माज्या घोंगडीवर टाक, अक्का. समद्यांना दिसू दे.

कोंडाबाई : घ्या... किती?

बिरू : दोन. बन्सी, तोंडाकडं काय बघायलास तिच्या? सांग.

बन्सीधर : त्यानं डावा हात धरला. ...हात गेला, अक्का. जीव वाचला.

बिरू : जीव कामून वाचला? पुन्हा मेहेरबानी?

बन्सीधर : घोंगडी तिनं आधीच गुंडाळली होती. मी नाही दिली.

कोंडाबाई : डावाच ना? मग काठी हाय अजून. पुढं सांगा.

बन्सीधर : जनावर मागं सरकलंय, पण झऱ्याच्या वाटेतच बसलंय. आणि तुझ्या मागून, वरच्या पायरीवर, चाहूल लागते.

कोंडाबाई : दुसरं जनावर?

बिरू : न्हाई. भाला वाजायलाय दगडावर. सोड ती मेंढी, अक्का, अर्धी राहू दे. आण हिकडं कवड्या.

बन्सीधर : उघड्यावर टाका, किशनराव.