रूथची बुडी

आमचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठाला, समोर खाजण आणि मागे डोंगर, नाव सांगत नाय, गावातले अजून आहेत आणि सगळे सगळ्यांना ओळखतात. माझे वडील मचव्यावर तांडेल होते, मी चालायच्या आधी पोहायला शिकले असं आई म्हणायची, ते जरा वाढवून सांगायची पण पाण्याची भीती मला कधी नव्हती हे खरं. लग्न झालं, आमचे हे बोटीनं दुबईला आले, एका तेलकंपनीत ड्रायव्हर लागले आणि मग मला बोलावून घेतलं. दुबईत तेव्हा तेल लागायचं होतं, नुसते शोधत होते. आता अल मनखूलच्या या फ्लॅटात माझी नातवंडं एसी लावून बसतात आणि मी सांगते की इथं गाढवावरून पाणी यायचं, तर म्हणतात, रिअली, दादी? मी मराठीत विचारायचं, त्यांनी इंग्लिशमध्ये बोलायचं, असं चाललंय आमचं. तर मी आले तेव्हा माझी शकिला मागे आईकडे राहिली, एवढीशी होती, तिकडे शाळा नाय, डॉक्टर नाय, पोरीला कुठे नेतेस असं सगळे म्हणाले, आणि मीही म्हणाले. ते दुखणं वेगळं, ते आज काढत नाय.

ह्यांच्या कंपनीत एक अमेरिकन साहेब आले, बायको आणि तीन मुली घेऊन, आणि बाईंना घरात बाईमाणूस हवं होतं म्हणून ह्यांनी मला नेलं. मी मनात म्हटलं, गोरे म्हणजे दारू आणि सिगारेट, मी दारूचे ग्लास धुणार नाय हं, आधीच सांगते. तर काय सांगू तुम्हाला, त्या घरात दारू सोडा, चहासुद्धा नव्हता. चहा नाय, कॉफी नाय, सिगारेट नाय. मी चहाचा डबा शोधून शोधून दमले, शेवटी मॅडमना विचारलं तर हसल्या, म्हणाल्या आमच्या धर्मात चालत नाय, तू तुझा आण आणि पी. मॉर्मन म्हणतात त्यांना, मला कुठे माहीत, मला वाटायचं ख्रिस्ती तेवढे सगळे एकच. महिन्यातून एक दिवस उपास करायचे, तोही पाण्याशिवाय, आमच्या रोज्यासारखा. शुक्रवारी सुट्टी म्हणून शुक्रवारीच घरात बसून प्रार्थना, साहेब पावाचे तुकडे करायचे, कपांतून पाणी द्यायचे, आणि पोरींसकट सगळे घ्यायचे. हे मला म्हणायचे, तुझे साहेब अर्धे मुसलमान आहेत, अर्ध्यासाठी कशाला थांबलेत.

शेजारच्या अरबी बायका मॅडमना बोलवायच्या, आणि अरबांच्या घरी गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, नाय घेतली तर माणूस रुसतं. तर मॅडम कप हातात घ्यायच्या, हसायच्या, शुक्रन म्हणायच्या, आणि बायकांची नजर वळली की कप माझ्याकडे. ती कडू गहवा, दोघींची मीच प्यायची. घरी येईपर्यंत माझं डोकं गरगरायचं आणि मॅडम वाटभर सॉरी बीबी, सॉरी बीबी. मला बीबीच म्हणायचे सगळे.

मॅडमचा स्वभावच तसा. वारा सुटून धुतलेले कपडे वाळूत पडले तर म्हणणार माझं चुकलं, पोरीला ताप आला तर माझं चुकलं. मी उलटी, माझी जीभ तिखट, मी म्हणायची, मॅडम, वारा तुम्ही नाय सोडलात. तीन मुली त्यांच्या, थोरली रूथ, मधली एमा आणि एक रांगती. रूथला सगळं विचारायची सवय, आणि भाषा अशी उचलायची की माझ्याशी बोलताना पाणी, भात, चल, बस, सगळे आमचेच शब्द. मी तिच्या वेण्या घालायची आणि शकिलाच्या वेण्या तिकडे आई घालत असेल असं मनात यायचं.

बाकीच्या गोऱ्या बायका घरात पंख्याखाली बसायच्या, आमच्या मॅडमना फिरायचा नाद. ह्यांची ड्युटी असली की अंडी उकडायची, पाण्याचे कॅन भरायचे, पोरींना कोंबायचं आणि यल्ला, कधी रास अल खैमा, कधी पलीकडच्या डोंगरातनं खोर फक्कान, कधी नुसतं शारजाच्या बाजारात. आता शारजाच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये माणूस म्हातारं होतं, तेव्हा रस्ता म्हणजे वाळूतल्या चाकोऱ्या, आणि मध्ये आमच्याकडच्यासारखंच खाजण, खारी दलदल, भरतीला त्यात पाणी चढायचं.

त्या दिवशी ह्यांनी निघतानाच सांगितलं होतं, असरच्या नमाजाच्या आधी परत फिरायचं. पण शारजाला आमच्या गावची एक बाई नवीन आली होती, तिचा नवरा इंग्रजांच्या विमानतळावर स्वयंपाकी होता, आणि ती माझ्या शकिलाला डोळ्यांनी बघून आली होती. मी तिच्याकडे बसले ती बसलेच. शकिलाचे पुढचे दोन दात पडले म्हणाली, मी विचारलं वरचे का खालचे, तिनं सांगितलंन, मी परत तेच विचारलं. बाहेर हे हॉर्न वाजवतायत. मॅडम ह्यांना म्हणाल्या, बसू दे तिला थोडं, तिच्या मुलीची खबर आहे.

खाजणात आलो तर पाणी चढलेलं. हे म्हणाले जाईल गाडी, आणि मध्येच गाडी बंद पडली. पाणी आत यायला लागलं तशी ह्यांनी एमाला घेतलं, मॅडमनी धाकटीला आणि मी रूथला खांद्यावर. मला वाटलं मी खाडीची पोर, मला काय पाण्याचं, आणि तिथेच पाय चिखलात गेला आणि आम्ही दोघी पाण्याखाली. लगेच वर काढली मी तिला, लगेच, पण तोवर ती पाणी प्याली होती, आणि तिचे ते डोळे मी आजही विसरले नाय. त्या दिवसापासून रूथ गळ्याच्या वर पाणी घेऊ देईना. केस धुवायचे म्हणजे ओल्या फडक्यानं पुसायचे.

मी दुसऱ्याच दिवशी मॅडमना म्हटलं, माझ्यामुळे झालं, मी उठले नाय. त्या म्हणाल्या नाय, मी तुला बसू दिलं, आई मी आहे, चूक माझी. मी म्हटलं पाय माझा घसरला. त्या म्हणाल्या भरती मी बघायला हवी होती. असं किती वेळ. शेवटी मला राग आला, मी म्हटलं, मॅडम, सगळं तुम्हीच घेता, माझी चूक तरी मला राहू द्या.

मग रूथचा आठवा वाढदिवस जवळ आला आणि घरात काळजी सुरू झाली. मला मॅडमनी समजावलं, त्यांच्यात मूल आठ वर्षांचं होईपर्यंत त्याचं पाप मोजत नाय, आठव्याला ते मोजायला लागतात, म्हणून आठव्याला बाप मुलाला पाण्यात नेतो, वर हात करून दुवा म्हणतो आणि सबंध पाण्याखाली घालून वर काढतो. मूल स्वतः हो म्हणालं पाहिजे, जबरदस्ती नाय. आणि अंगाचं एवढंसं काही बाहेर राहिलं, पायाचं बोट जरी, तरी ते झालं नाय, परत करायचं. ते मला लगेच कळलं, आमच्यात गुसल, म्हणजे पाक व्हायची अंघोळ, करताना केसाएवढी जागा कोरडी राहिली तरी गुसल होत नाय.

रूथ तोंडानं हो म्हणायची, तिला करायचंच होतं, पण बापानं बाथरूममध्ये पाण्याला डोकं टेकवायला लावलं की अंग ताठ, ओठ पांढरे. मॅडम किचनमध्ये येऊन रडायच्या. मी म्हटलं माझ्याकडे सोडा. रात्री ह्यांना विचारलं, दुसऱ्याच्या धर्माचं काम, मला गुन्हा तर नाय ना लागणार, तर हे म्हणाले, पोरीला पाणी शिकवतेस, कलमा बदलतेस का तिचा, झोप.

बाथरूममध्ये सिमेंटचा हौद होता. रोज दुपारी मी आणि रूथ. पहिल्यांदा हनुवटी, मग तोंड, मग एक कान. नाक धरून खाली जायची आणि वर आली की डोळे पुसत विचारायची, बीबी, सगळी? मी म्हणायची, कान राहिला. परत जायची. बीबी, सगळी? गुडघा राहिला. मी कधी खोटं सांगितलं नाय, कारण तिला माहीत होतं बीबी खोटं सांगत नाय, त्याच्यावरच ती खाली जात होती. आणि एक दिवस मी म्हटलं, सगळी. काय हसली म्हणून सांगू.

वाढदिवस झाला त्या शुक्रवारी संध्याकाळी जुमैराच्या किनाऱ्याला गेलो. तिकडे तेव्हा कोळ्यांच्या झापांच्या खोपट्या होत्या, बाकी काही नाय. साहेबांच्या धर्माचे दोघे सौदीहून आले होते, नीट झालं का बघायला दोन साक्षीदार लागतात. ते किनाऱ्यावर उभे, समोर सूर्य, डोळ्यांवर हात धरून बघतायत. मी आणि मॅडम बाजूला, गुडघाभर पाण्यात, माझ्या हातात टॉवेल. रूथला पांढरा फ्रॉक, जुन्या चादरीचा, मॅडमनी शिवलेला. साहेबांनी हात वर करून दुवा म्हटली आणि तिला पाठीवर पाण्यात घातलं. तोंड गेलं, केस गेले, फ्रॉक गेला, आणि डावा पाय घोट्यापर्यंत वर आला.

मी बघितला. साहेबांचं लक्ष तिच्या तोंडाकडे, साक्षीदारांच्या डोळ्यांत सूर्य. मॅडमनी बघितला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली नाय, काही नाय, पण त्या डोळ्यांत काय होतं ते मला कळलं. नको बोलू. परत नको घालायला लावू तिला.

रूथ वर आली, खोकली, डोळे पुसलेन आणि बापाकडे नाय, माझ्याकडे बघून विचारलंन, बीबी, सगळी?

मी म्हटलं, सगळी.

झालं, खलास. साहेबांनी तिला उचलली, साक्षीदारांनी हात मिळवले, गाणं म्हटलं, केक कापला. मी टॉवेलनं तिचं अंग पुसत होते आणि मला वर बघवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बघते तर मॅडम जेवत नायत. सगळ्यांना वाढायच्या, स्वतः पाणीही नाय. मी म्हटलं, तुमचा उपासाचा दिवस झाला ना. त्या म्हणाल्या, बीबी, तूही दुपारचं जेवली नाहीस. मी रोजा धरला होता. दोघींनी एकमेकींपासून लपवून तेच चालवलं होतं. मग बोलल्या, म्हणाल्या शुक्रवारी रूथ पाव घेते, पाणी घेते, मला तिच्याकडे बघता येत नाय. मी म्हटलं, शब्द मी बोलले. त्या म्हणाल्या, तुझ्याकडून मी म्हणवून घेतला. परत तेच भांडण, पण या वेळी मला राग आला नाय, कारण दोघींचं खरं होतं.

शेवटी मॅडमनी ठरवलं की पोरीला सांगायचं. मी किचनमध्ये खाली बसून तांदूळ निवडत होते, रूथ माझ्या सुपात बोटं घालून खडे काढत होती. मॅडम येऊन लादीवर बसल्या. म्हणाल्या, त्या दिवशी तुझा पाय वर आला होता, मी बघितला, आणि मीच बीबीला गप्प केलं, तिचा दोष नाय. मी म्हटलं, जीभ माझी होती.

रूथनं मान वर केली नाय, खडेच काढत राहिली. म्हणाली, मला माहीत आहे. मला पायाला वारा लागला होता.

मीच विचारलं, मग बोलली का नाहीस गो, सोन्या?

ती म्हणाली, मी बोलले असते तर बीबी खोटं बोलली असं झालं असतं.

काय सांगू तुम्हाला. तिच्या धर्मात त्याच दिवसापासून तिचं पाप मोजायचं होतं, त्याच दिवसापासून, आणि पहिल्याच दिवशी आम्ही दोघी मोठ्या बायकांनी तिला लपवायला शिकवलं. आम्ही उपास करत बसलो, एकमेकींची चूक ओढत बसलो, आणि ते पोर एकटं शुक्रवारी पाव घेत होतं आणि गप्प राहत होतं, माझ्यासाठी. आमच्या दोघींपैकी कुणाला एकदा वाटलं नाय की तिला विचारावं.

मॅडमनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब ओरडले नायत, म्हणाले, परत करू. ते दोघे सौदीहून परत आले. परत तोच किनारा, तोच फ्रॉक, मी टॉवेल घेऊन उभी. रूथ बापाच्या आधी पाण्यात चालत गेली, घाबरली नाय. साहेबांनी तिला पाण्यात घातलं, आणि ती गेली, पाय, फ्रॉक, केस, काही राहिलं नाय. मी नीट बघितलं, डोळ्यांची पापणी लववली नाय. आता विचारेल, आता विचारेल म्हणून मी थांबले. सगळी म्हणायला माझं तोंड उघडलेलं.

तिनं विचारलं नाय. मला नाय, आईला नाय. पाण्यातनं आली, माझ्या हातातला टॉवेल घेतलान आणि स्वतःचं तोंड स्वतःच पुसलंन. माझ्यावर रुसली असंही नाय हो, रात्री माझ्याच मांडीवर डोकं ठेवून झोपली, पुढे साहेबांची बदली होऊन गेले तेव्हा गळ्याला मिठी मारून रडलीही. पण परत कधी, बीबी, सगळी, असं विचारलं नाय. काही म्हणजे काहीच विचारलं नाय, वेणी सरळ आली का एवढंसुद्धा आरशात स्वतः बघायची.

मला आता पंच्याऐंशी उलटली, हे जाऊन बरीच वर्षं झाली, मॅडमही असतील असं वाटत नाय. रूथ आजी झाली असेल. अल्ला तिला सुखात ठेवो, तिच्या पोरीबाळींना सुखात ठेवो, आणि त्यांच्या घरात कुणी विचारलं तर खरं सांगणारं माणूस त्यांना मिळो. माझ्यासाठी काही मागत नाय मी. मागायला गेले तरी काय मागणार, मला माफ कर असं तिला म्हणायचं होतं, तर तिनं केव्हाच केलं होतं, फक्त विचारायचं सोडलंन, तीच तर अडचण आहे.