चाळीस फूट शेपटी

...आणि वर मलाच विचारतात, "असला भिकार पिक्चर तुम्हाला आवडतोच कसा?" अहो, डोंगराएवढ्या घोरपडीचा पिक्चर आहे तो! घोरपड येणार, इमारती पाडणार, माणसं पळणार... तुम्हाला काय तिच्या लग्नाची बोलणी बघायची होती? म्हणे जुन्या पिक्चरची सर नाही नव्याला! म्हणे गुडघे धरलेल्या आत्यासारखी चालते! चालत असेल, कबूल. पण मी म्हणतो, शेपटी बघितलीत का, शेपटी?

तुम्हाला सांगतो, ती शेपटी मी शिवलीय. मी! सोफ्याची कव्हरं शिवणारा माणूस! दिग्दर्शक स्वतः दुकानात आला, "मला कॉम्प्युटरची नको, खरीखुरी हवी, चाळीस फूट." दुकान माझं बारा फुटी, म्हणजे बाकीची शेपटी रस्त्यावर, तिच्यावर शेजारच्या दवाखान्यातले पेशंट नंबर लावून बसलेले... महिनाभर बायको जेवायला हाक मारायची आणि मी फोममधून नुसता हात बाहेर काढायचो.

आणि हे सगळं कुणासाठी? सासऱ्यांसाठी! जुना पिक्चर त्यांनी सात वेळा बघितलेला, आणि मला अठरा वर्षांत एकदाही "बरं केलंत" म्हटलेलं नाही. कुणी विचारलं जावई काय करतात, की "आहे आपलं, उशाबिशा भरतात." उशा! म्हटलं थांबा, आता दाखवतोच. पहिल्या दिवशी सगळं खटलं घेऊन थेटरात. सासरे मधोमध, मी शेजारी, आणि पिक्चर कोण बघतोय, मी त्यांचं तोंड बघतोय...

मध्यंतरापर्यंत लोक जांभया देत होते, पण शेपटी? झकास! मग शेवटची मारामारी. घोरपड धाडकन उताणी पडते, शेपटी पडदाभर वर येते... आणि खालच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लखलखीत पितळी चेन!

आता काय सांगू? सवय हो! कव्हर शिवलं की चेन लावायचीच, धुवायला काढता आलं पाहिजे ना! हात आपला आपण जातो! मागून एक ओरडला, "अरे उघडा, आतला गुदमरला असेल!" एक बाई म्हणते, "गार पाण्यात धुवा हो, रंग जाईल!" अख्खं थेटर खदाखदा! बायकोनं तोंड पर्समध्ये घातलं, मेहुणी हसून हसून खुर्चीखाली. अहो, चेन काय बघता, शेपटी बघा की, शेपटी!

सासरे मात्र गंभीर. पिक्चर संपला, दिवे लागले, हे उठून सरळ बाहेर चालू लागले. म्हटलं संपलं, आता उशाही गेल्या हातच्या. मग जिन्यात थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, अठरा वर्षांत पहिल्यांदा हो! आणि म्हणाले, "जावईबापू, पिक्चर टाकाऊ. पण एवढी आपटली ती, तरी चेन कुठं उसवली नाही."

खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले माझे. भर जिन्यात!

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे दुकानात हजर... हातात चेन बिघडलेल्या तीन बॅगा.