बाबांची सायकल

लोकांनीच माझ्या बाबांना सायकलवरून उतरवलं, आता कुणी काहीही म्हणो.

शहाण्णव साली डॉक्टर त्यांना म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर हार्टचं कठीण आहे." मी हट्टाने सायकल आणली. वीस वर्षांनी बाबा पुन्हा सायकलवर बसले आणि नेरूळहून तुर्भ्याला कंपनीत जायला लागले.

त्या वेळी तिकडच्या कंपन्यांना एकेक करून टाळं लागत होतं. आठवड्याभरातच खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकांनी विचारलं, "काय भाऊ, स्कूटर विकली? कंपनी बंद पडली वाटतं?"

बाबा नुसते हसले. पण रविवारी ताईला पाहून गेलेल्या मंडळींनीही फोन करून तेच विचारलं.

मी चिडले. "लोक गेले उडत! तुम्ही चालवा."

"ताईचं लग्न होऊ दे गं, मग चालवतो."

सायकल जिन्याखाली गेली. ताईचं लग्न ठरलं, पत्रिका छापून आल्या, आणि त्याच आठवड्यात बाबांना झटका आला. हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सावंतकाका भेटायला आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून हळहळले, "भाऊंनी जरा सायकल-बिकल चालवायला हवी होती गं."