दक्षिणेची ओळ

दाराची दिशा वगैरे मला सांगू नका. बहात्तरच्या दुष्काळात मी खर्ड्याकडं ओव्हरसियर होतो. अख्खं गाव खडी फोडायच्या कामावर होतं. त्याच दुष्काळी निधीतून आम्ही भूमिहीन मजुरांसाठी समोरासमोर दोन ओळी घरं बांधली. वाटपाच्या दिवशी लोकांच्या ध्यानात आलं, की एका ओळीची दारं दक्षिणेला आहेत. ती ओळ कुणी घेईना.

"दक्षिणेला यम असतो, सायेब. त्याच्या तोंडाला कोन ऱ्हाईल?"

घरं रिकामी राहिली असती तर वरचे साहेब मला सोडणार नव्हते. तेवढ्यात सखूबाई पुढं आली. तिच्या आळीनं बौद्ध धर्म घेतलेला. "आमाला द्या," ती म्हणाली. "आमी यमाला मानत न्हाई." सगळी ओळ तिच्या आळीनं घेतली.

थंडीत पुन्हा गेलो. उत्तरेच्या दारांत ऊन फिरकतसुद्धा नव्हतं. तिथली सगळी मंडळी घोंगड्या पांघरून सखूबाईच्या ओट्यावर ऊन खात बसलेली.

"काय मंडळी, यमाच्या दारात?" मी विचारलं.

सखूबाई आतून चहा घेऊन आली.

"बसू द्या, सायेब," ती म्हणाली. "यम खडी फोडायला गेलाय."