पुंगीवाल्याच्या गालातलं भोक

सन्माननीय अध्यक्ष महापौर फान हेकेसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती गोदलीव्ह मार्टेन्सबाई, आणि वाफल्सच्या वासाने अस्वस्थ झालेल्या बंधुभगिनींनो,

बाईंनी चाळीस वर्षं आपल्या संग्रहालयात पाहुण्यांना चित्रं दाखवली. जत्रेच्या चित्रापाशी त्या थांबत आणि पुंगीवाल्याच्या फुगलेल्या गालातल्या भोकाकडे बोट करून आवाज खाली आणत. "ही जर्मन गोळी!" लगेच सगळे टोप्या काढत. आता ते भोक बुजवायचं काम मिळालं कोणाला? या पामराला. चित्रं दुरुस्त करणं हाच माझा धंदा.

मी भिंगातून पाहिलं आणि म्हटलं, "बाई, ही गोळी फारच सडपातळ दिसते हो!"

"लीव्हन, गप्प बस," बाई म्हणाल्या, आणि मग सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

युद्धात हे चित्र जर्मनांपासून लपवायला बाईंच्या वडिलांनी, ओस्कार यांनी, आपल्या कॅफेच्या भिंतीला लावलं, वर कागद चिकटवला आणि त्यावर फोगलपिकची, म्हणजे आपल्या बाण मारायच्या खेळाची, फळी टांगली. जर्मन शिपाई रोज बिअर पीत त्या फळीवर बाण मारायचे. एकाचाही बाण फळीबाहेर गेला नाही. एके दिवशी अधिकाऱ्याने ओस्कारच्या हाती बाण दिला. जिल्ह्यात पहिला येणारा गडी, पण बाण फळी सोडून कागदात घुसला. कॅफे हसला. त्यानंतर ओस्कारनी बाणाला हात लावला नाही, आणि युद्ध संपल्यावर भोकाचं खापर गोळीवर फोडलं.

"एवढा नेमबाज चुकला कसा?" मी विचारलं.

"मागे काय आहे, हे त्या खोलीत एकट्या बाबांना ठाऊक होतं रे. लक्ष फळीवर राहिलंच नाही."

मंडळी, मी भोक बुजवायची लांबी परत डब्यात ठेवली. खरं सांगतो, मला रडू आलं. भोक राहू द्यायला महापौरसाहेब राजी आहेत, फक्त पाटी खरी हवी म्हणतात. बाई, तुमची ना असेल तर आत्ताच सांगा. गोळी तर गोळी, आम्ही सगळे आज ऐकलेलं विसरू.

काय म्हणालात? जरा मोठ्याने... ऐकलंत ना सगळ्यांनी? "लिही, बाबांचा नेम चुकला. आणि नाव मोठ्या अक्षरांत."

लिहितो, बाई. सभेचे आभार. एका लेकीचं गुपित भर सभेत उघडं केलं, तेवढं पोटात घाला.