बारावं हरीण

— नाही, ताई, अकराच आहेत, तुम्ही बरोबर मोजलंत. बारावं हे काय, माझ्या हातात. बसा ना. खुर्चीवरचे लंगोट ढकला खाली, धुतलेलेच आहेत — म्हणजे बहुतेक. मंगळवारी देते म्हणाले होते, मान्य. गुरुवारीही तेच म्हणाले. नाताळ तोंडावर आलाय, तुमच्या दुकानातलं झाड उघडं उभंय, तेही मान्य. पण हे बघा, हरणाच्या मानेपाशी — दिसतंय? नाही ना? तुम्हाला हरीण दिसतं, मला भरतकामाच्या फुल्या दिसतात. प्रत्येक फुलीचा वरचा टाका उजवीकडे झुकायला हवा, आणि इथे सात फुल्या डावीकडे झुकल्यात. उजेड पडला की मान मोडल्यासारखी वाटते. झाडावर टांगल्यावर कोण बघणारेय? कुणी नाही. गिऱ्हाईक काय भिंग घेऊन येणारेय? तरी उसवलं. तीनदा उसवलं, आणि तीनदा तीच चूक. कापडाची घरं इतकी ताणलीयत, आता उसवलं तर भोकच पडेल.

आता तुम्ही म्हणाल, अकरा हरणं धड झाली, मग बाराव्यालाच काय धाड भरली — तर तसं काही नाही. म्हणजे, आहे. ती आमची ठमी, चटईवर, तुमच्याकडे पाठ करून चमचा चघळतेय ती. दहा महिन्यांची आहे. तुम्ही आत आलात, एवढं मोठ्यानं बोललात — तिनं वळून बघितलं? तुम्हीही नाही पाहिलंत? मी नेमकी तेव्हाच पिशवीत डोकं घालून बसले होते. सासूबाई म्हणतात, हिचा बाप तरी कुठे हाकेला ओ द्यायचा, अजून देत नाही! सगळे हसतात. मीपण हसते. नवरा म्हणतो, तू ती बालसंगोपनाची पुस्तकं आधी रद्दीत घाल. परवा मी तिच्यामागे ताटली वाजवली. वळली! एवढा आनंद झाला — मग लक्षात आलं, माझी सावली समोरच्या भिंतीवर पडली होती. सावली न पाडता वाजवली, तर नाही वळली. पण तेव्हा तोंडात चमचा होता, आणि चमचा तोंडात असला की ती कुणाचीच नसते. नसते ना? तुमच्या मुलांचं कसं होतं?

डॉक्टरांनी कानांच्या तपासणीची चिठ्ठी दिली, त्याला तीन आठवडे झाले. तपासताना काही दुखत नाही, म्हणे. मी सगळ्यांना सांगितलं, एवढी बारा हरणं हातावेगळी झाली की दुसऱ्या दिवशी जाते. सगळ्यांना पटलं. मलासुद्धा पटलं. आणि मग अकरावं झालं —

अहो, रडत नाहीये मी, दोरा ओवताना डोळे असेच होतात. काय? आहे तसंच देऊ? डाव्या फुल्यांसकट? ... बरं, न्या. घाला पिशवीत, मी परत मागायच्या आत. हो, जाते ना उद्या. चिठ्ठी कपाटातच आहे. आता सबब तरी कुठली उरली?

थांबा, थांबा — जाताना दार हळू लावू नका. आपटा. चांगलं जोरात आपटा, ताई. शेजारी काय म्हणायचं ते म्हणू देत. मी अशी तिच्यासमोर बसते, तिचा चेहरा दिसेल अशी. चमचा काढून घेतलाय. निघा आता.